गाळातली हत्यारे

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, ते आमच्या कोकणातल्या वाचकांना विसरणे शक्य नाही. बाकीच्यांनी ते टीव्हीवर पाहिले असेल. बुडालेली दुकाने, छपरांवर बसलेली माणसे, महामार्गावरचा खचलेला जुना पूल. पाणी ओसरल्यावर कपडे, धान्य, औषधे, वह्या-पुस्तके, सगळ्यांच्या नुकसानीची चर्चा झाली. आम्ही आज लिहितो आहोत ते एका लहानशा वर्कशॉपबद्दल, आणि त्यात गाळाखाली दोन दिवस पडून राहिलेल्या हत्यारांबद्दल. ते वर्कशॉप आमच्या मामूंचे.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक गाळा, त्यात बटाल्याचा सहा फुटी लेथ, एक खांबाचे ड्रिल मशीन, ग्राइंडर, बेंच व्हाइस आणि भिंतीवर लावलेल्या फळ्यांवर हत्यारे. होड्यांच्या इंजिनांचे शाफ्ट, भातगिरणीचे बुश, पंपाचे सुटे भाग, कुणाच्या गेटची बिजागरी, असे काम. मामू सहासष्ट वर्षांचे. मुलगा दुबईत. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात उतरू लागलेला, आणि करोनामुळे ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेले.

आमचे घर चढावर, म्हणून वाचले. शाळा तेव्हा बंदच होत्या, मोबाइलवरून तास चालायचे, आणि त्या आठवड्यात तर ना वीज होती ना मोबाइलला रेंज. म्हणून २४ तारखेच्या सकाळी घरातले सगळे फावडी, बादल्या घेऊन मामूंच्या गाळ्यावर गेलो. शटर अर्धेच वर गेले. आत गुडघाभर गाळ, आणि तेलाचा नि चिखलाचा असा काही वास की मुलांनी ओढणीने नाक बांधले. लेथ जागेवर होता, फक्त तो लेथ आहे हे सांगावे लागले असते. लाकडी कपाट तरंगत जाऊन ड्रिल मशीनवर आडवे झाले होते. भिंतीवरच्या फळ्यांवर एकही हत्यार नव्हते. सगळी खाली, गाळात.

दुपारपर्यंत भंगारवाला आला. तो वाईट माणूस नव्हे. गल्लीत प्रत्येकाकडे जात होता, रोख देत होता, आणि त्या दिवसांत रोख पैसे कुणाकडेच नव्हते. लेथसकट सगळे किलोच्या भावाने उचलतो म्हणाला. मुलाचा दुबईहून निरोपही तोच होता. अब्बांनी आता आराम करावा, लोखंड विकून टाकावे, महिन्याचे पैसे आपण पाठवू. आम्हालाही मनातून ते पटले होते, हे कबूल करतो. सहासष्ट वर्षांचा माणूस, डोळ्यांना दिसत नाही, त्याने हा चिखल का उपसावा?

मामूंनी भंगारवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवले.

याचे कारण समजायला तीस वर्षे मागे जावे लागते. मामू कुर्ल्याच्या एका कारखान्यात खरादीचे काम शिकले आणि १९७८मध्ये कुवेतला गेले. बारा वर्षे तिथे टर्नर म्हणून राहिले. पगारातून एकेक करीत स्वतःची हत्यारांची पेटी जमवली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौज कुवेतमध्ये घुसली आणि इतर हजारो भारतीयांसारखे तेही बसने बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. लाखाहून अधिक माणसे त्या वेळी अशी आणली गेली. पेटी तिथेच राहिली. बरोबर आला तो फक्त खिशातला एक मायक्रोमीटर, जपानी, शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा. ‘एकदा सोडून आलो,’ एवढेच मामू त्या दिवशी म्हणाले.

मग काम सुरू झाले. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे. यातले आम्हाला काही कळत नव्हते, आणि जे करू नये ते पहिल्याच दिवशी केले. गाळातून काढलेल्या कानशी, टॅप आणि डाय विहिरीच्या पाण्याने स्वच्छ धुतले आणि घराच्या पडवीत गोणपाटावर छान ओळीने वाळत घातले. वाळवणे म्हणजे चांगलेच ना? सकाळी उठून पाहतो तर सगळे लाल. एका रात्रीत. मामू काही रागावले नाहीत. बसून त्यांनी समजावले की लोखंड पाण्याखाली असते तेव्हा गंज हळू चढतो, कारण हवा कमी पोचते. ओले लोखंड उघड्या हवेत आले की गंज धावत येतो. म्हणून पुरातले हत्यार हातात घेतल्यावर ते तसेच ठेवायचे नाही. आणि ज्याला आज हात लावता येणार नाही ते सरळ स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचे. ऐकायला उलटे वाटते, पण पुढचे चार दिवस आम्ही तसेच केले आणि पिंपातली हत्यारे पडवीतल्या हत्यारांपेक्षा पुष्कळ बरी निघाली.

क्रम असा ठरला. आधी साध्या पाण्याने गाळ काढायचा, ब्रशने, खाचांमधून दाभणाने. लगेच डिझेलच्या डब्यात बुडवून हलवायचे, म्हणजे उरलेले पाणी सुटून तळाशी बसते. रॉकेल चालले असते, पण मिळते कुठे? मग चिंध्यांनी पुसायचे आणि जुन्या-नव्या कसल्याही स्वच्छ तेलाचा हात फिरवायचा. धुणारा एक, डिझेलवाला एक, पुसणारा एक, तेलवाला एक. घरातल्या पाच माणसांना काम मिळाले. आमच्या धाकट्याने डिझेलचे काम मागून घेतले आणि आठवडाभर त्याच्या अंगाला पेट्रोलपंपाचा वास येत होता. हातात रबरी मोजे घालायला हवेत, कारण डिझेलने कातडी फाटते. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले.

काही हत्यारांवर गंज आधीच खोल गेला होता. पाने, क्लॅम्प, व्ही-ब्लॉक, लेथचे टूलपोस्ट. तारेच्या ब्रशने घासून हात दुखले. तेव्हा शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती सांगितली आणि स्वतःचा बॅटरी चार्जर आणून दिला. (वीज तोवर आली होती.) प्लॅस्टिकचे मोठे टब, त्यात पाणी आणि लिटरमागे साधारण चमचाभर धुण्याचा सोडा. एका बाजूला टाकाऊ लोखंडी पत्रा, त्याला चार्जरची धन तार. मध्ये गंजलेले हत्यार टांगलेले, त्याला ऋण तार. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. चार्जर सुरू केला की हत्यारावरून बारीक बुडबुडे उठतात, पाणी तांबूस होत जाते, आणि सहा-आठ तासांनी हत्यार बाहेर काढले की गंजाची काळी भुकटी झालेली असते, ती ब्रशने निघून येते. खालचे धड लोखंड झिजत नाही, ही यातली खुबी. ॲसिडमध्ये टाकले तर गंजाबरोबर लोखंडही खाल्ले जाते.

मात्र तारा उलट लागल्या तर? तेही करून पाहिले आम्ही, जाणूनबुजून नव्हे. एके संध्याकाळी घाईत धन तार हत्यारालाच लावली. रात्रभर टब चालू. सकाळी पत्रा जसाच्या तसा आणि सतरा-एकोणीसचा पाना देवी आल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा. तो पाना आजही खिळ्याला टांगलेला आहे, मामू नव्या मुलांना दाखवतात. घरी करू पाहणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून टब उघड्यावर ठेवावा, जवळ चूल, विडी, ठिणगी काही नसावे, आणि तारा हलवण्याआधी चार्जर बंद करावा. आणि पत्र्याच्या जागी स्टेनलेस स्टीलचे भांडे कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. स्प्रिंगा आणि पातळ, कडक पाती यात टाकायची नाहीत, ती ठिसूळ होण्याची भीती असते.

लेथबद्दल थोडक्यात. त्याचे पोट उघडले तर आतले तेल ताकासारखे पांढरे झाले होते, पाणी मिसळून. ते काढले, डिझेलने दोनदा धुतले, नवे भरले. मोटार वाइंडिंगवाल्याकडे नेली. त्याने ती खोल्यात बल्ब लावून तीन दिवस सुकवली, बेअरिंग बदलली, मेगर लावून बघितले आणि मगच परत दिली. त्याआधी बटण दाबायचा मोह आमच्या धाकट्याला झाला होता. दाबले असते तर मोटार गेली असती. लेथच्या बेडवर, म्हणजे ज्या रुळांवरून कॅरेज सरकते त्यांवर, मामूंनी कुणाला पॉलिश पेपर लावू दिला नाही. तेल आणि ऑइलस्टोन घेऊन ते स्वतः बसले. डोळ्यांनी नाही, बोटांनी बघत. कुठे खरखर लागते ते बोटाने शोधायचे आणि तेवढ्यावरच दगड फिरवायचा. बेडची उंची केसभर कमी-जास्त झाली तर पुढच्या प्रत्येक जॉबमध्ये ती चूक उतरणार.

तीन जबड्यांच्या चकची गंमत मुलांना फार आवडली. आत गाळ गच्च बसला होता, म्हणून तो पूर्ण खोलला. आत एक गोल चकती असते, तिच्या तोंडावर चकलीसारखी वळत जाणारी खाच असते. चावी फिरवली की चकती फिरते आणि तिन्ही जबडे एकदम आत-बाहेर होतात. धुऊन, पुसून, तेल लावून परत जोडला, आणि जबडे मध्याशी एकत्र येईचनात. एक पुढे, दोन मागे. मग मामूंनी जबड्यांच्या कडेचे बारीक आकडे दाखवले, १, २, ३. ज्या खाचेचा १ आकडा तिथे १चाच जबडा, आणि तोच आधी. चकलीची शेपूट समोर आली की पहिला, पुन्हा आली की दुसरा, मग तिसरा. आमच्या मुलीने ते चार वेळा खोलले आणि जोडले, गरज नसताना.

ड्रिलचे बिट साठेक सापडले. टोके बोथट, काहींची कोपरे जळालेली, ते काही पुराने केले नव्हते, वर्षानुवर्षे साठले होते. लहान वर्कशॉपमध्ये असे होतेच. बिट बोथट झाला की डब्यात टाकायचा आणि नवा आणायचा, धार लावायला सवड मिळेल तेव्हा बघू. आता सवड होती. धार लावणे म्हणजे नुसते ग्राइंडरवर धरणे नव्हे. टोकाच्या दोन्ही कडा सारख्या लांबीच्या आणि सारख्या तिरप्या हव्यात. दोन्ही मिळून ११८ अंशांचा कोन. कडेच्या मागचा भाग थोडा उतरता हवा, दहा-बारा अंश, नाहीतर कड लोखंडाला टेकतच नाही आणि बिट नुसता घासून तापतो. कोन मोजायला मामूंकडे कंपास नव्हता. ते दोन षट्कोनी नट शेजारी शेजारी चिकटवून ठेवतात. दोन्हींच्या मध्ये वरच्या अंगाला जी खाच पडते ती १२० अंशांची, त्यात बिटचे टोक बसले की झाले. आम्ही घरी येऊन कागदावर षट्कोन काढून पडताळले, हिशेब बरोबर आहे. शाळेतल्या भूमितीच्या तासाला हे कुणी का सांगत नाही?

खरी परीक्षा मात्र भोक पाडून. दोन्ही खाचांतून सारखे कीस वळत बाहेर आले तर धार बरोबर. एकाच बाजूने कीस येत असेल तर दुसरी कड आळशी आहे, आणि भोक बिटपेक्षा मोठे पडते. साठांपैकी चाळीस-बेचाळीस बिट कामाला आले. हायस्पीड स्टीलचा कुठला आणि साध्या कार्बन स्टीलचा कुठला हे मामू ठिणगीवरून ओळखत. साध्याची ठिणगी पांढरी-पिवळी आणि टोकाला फुलणारी, हायस्पीडची मंद, लालसर, न फुटणारी. साधा बिट धार लावताना सारखा पाण्यात बुडवून थंड ठेवायचा, निळा पडला की त्याचे पाणी गेले. हायस्पीडला उष्णता सोसते, पण लालभडक तापलेला असताना एकदम पाण्यात घातला तर बारीक चिरा पडतात.

आता छिन्न्यांचे सांगतो, आमच्या मनात त्या दिवसांतले सगळ्यात जास्त काय राहिले असेल तर ते हे.

जुन्या छिन्न्या दहा-बारा होत्या. वरची डोकी हातोडा खाऊन खाऊन छत्रीसारखी पसरलेली. अशी छिन्नी वापरू नये. त्या छत्रीची कड उडाली तर डोळ्यात किंवा मानेत जाते, गोळीसारखी. ती आधी ग्राइंडरवर घासून सरळ केली. मग खालची धार. ती घासून घासून मागे सरकलेली, कडक भाग संपून मऊ भाग वर आलेला. तिला पुन्हा पाणी द्यायचे होते.

पाणी देणे हा शब्द आम्ही आयुष्यभर वाक्प्रचार म्हणून शिकवला आहे. धार, पाणी, जौहर, उर्दू शेरांत तर तलवारीचे पाणी पदोपदी. ते प्रत्यक्ष कसे देतात हे पंचेचाळिसाव्या वर्षी पाहिले. कोळशाच्या शेगडीला पंखा लावून छिन्नीचे दोन इंच टोक पिकल्या चेरीसारखे, आपल्याकडच्या भाषेत जरा दाट करवंदी लाल होईपर्यंत तापवायचे. सांडशीने धरून फक्त टोकाचा इंचभर भाग पाण्यात बुडवायचा. बाहेर काढून लगेच दगडाने घासून टोक चकचकीत करायचे आणि बघत राहायचे. टोक आता काचेसारखे कडक, पण काचेसारखेच ठिसूळ. मागच्या भागात उरलेली आच हळूहळू टोकाकडे येते आणि चकचकीत पोलादावर रंग सरकत येतात. आधी फिकट गवती, मग मधासारखा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जो रंग धारेवर पोचला की छिन्नी पूर्ण बुडवायची, तो ठरलेला. स्क्रेपरला गवती. छिन्नीला जांभळा. जांभळ्याच्या आधी बुडवली तर धारेचा कपचा उडतो, निळ्याच्या पुढे जाऊ दिली तर धार लोखंडावर वाकते. हे सगळे काही सेकंदांत घडते.

आणि मामूंना रंग दिसत नव्हते.

पहिली छिन्नी त्यांनी स्वतः केली, अंदाजाने. चालवून पाहिली, धार वाकली. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. भाऊबंदांत त्यांच्या छिन्नीची ख्याती होती, गवंडी लोक संगमेश्वरहून घेऊन यायचे. मग त्यांनी आमच्या थोरल्या मुलीला हाक मारली. ती तेव्हा दहावीत. तिला शेजारी बसवले, आतल्या अंधाऱ्या बाजूला, कारण उजेडात रंग नीट कळत नाहीत. सांडशी त्यांच्या हातात, डोळे तिचे.

‘काय दिसतंय?’

‘काही नाही नाना. पांढरं.’

‘बघत राहा.’

‘पिवळं... वाळलेल्या गवतासारखं.’

‘हं.’

‘मध. आता मध झाला. गूळ... नाना, आता वांग्याची साल.’

‘कुठे? मध्ये की धारेवर?’

‘धारेवर!’

त्यांनी बुडवली. वाफ उठली. ती छिन्नी दुसऱ्या दिवशी मामूंनी रुळाच्या तुकड्यावर चालवली. धार तशीच राहिली, ना वाकली ना तुटली. त्या आठवड्यात त्या दोघांनी अकरा छिन्न्या केल्या. पाचवीला वांग्याच्या सालीवर मुलगी जरा रेंगाळली, ‘किती सुंदर दिसतंय’ म्हणत, आणि ती छिन्नी निळी होऊन गेली. मामूंनी ती पुन्हा तापवायला लावली. सुंदर दिसते म्हणून थांबू नको, एवढे बोलले आणि हसले. पुरानंतर प्रथमच.

काय वाचले नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर कुणाला वाटेल सगळे पुन्हा वापरता येते. ग्राइंडरची चाके एकही ठेवले नाही. चाक टांगून लाकडी मुठीने हलके टिचकले तर घंटेसारखा स्वच्छ आवाज यायला हवा. मंद, भदभदीत आवाज आला तर आत चीर समजायची. आमच्या चाकांनी पाणी प्यायले होते, आवाज कुठलाच खात्रीचा नव्हता. मिनिटाला जवळजवळ तीन हजार फेरे घेणारे चाक फुटले तर समोरचा माणूस जातो. कुणी उचलून वापरू नये म्हणून मामूंनी ती चाके स्वतः हातोड्याने फोडली. नवी आणली तेव्हा टेकू आणि चाक यांच्यातली फट तीन मिलिमीटरच्या आत ठेवायला आणि सुरू करताना बाजूला उभे राहायला त्यांनी मुलांना शिकवले. चष्म्याशिवाय ग्राइंडरजवळ जायची परवानगी नाही, हा नियम त्यांनी आम्हालाही लावला. तडे गेलेले दोन हातोडे आणि तोंड फाकलेले पाने भंगारात गेले.

बेंच व्हाइसचे बीड कपाटाच्या माराने तडकले होते. बीड जोडणे अवघड. तापवून वेल्डिंग केले आणि तसेच थंड होऊ दिले तर शेजारी नवी चीर जाते. एका वेल्डिंगवाल्याने तसेच केले आणि पैसेही घेतले. दुसऱ्याने नीट केले. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली म्हणजे ती पुढे पळत नाही, चिरेला खाच केली, सगळे व्हाइस भट्टीवर तापवले, निकेलच्या रॉडने थोडे थोडे भरले आणि रात्रभर राखेत पुरून ठेवले. त्यावर आता हलके कामच करतात, हातोड्याचे नाही.

आणि मायक्रोमीटर. तो कपाटातल्या डबीत सापडला. डबी पाण्याने भरलेली. मामूंनी त्याला सगळ्यांत आधी हात लावला आणि सगळ्यांत शेवटपर्यंत ते त्याच्याशी झगडत होते. खोलून पेट्रोलने धुतला, आट्यांतला एकेक कण काडीने काढला, पातळ तेल दिले. ठिमळा पुन्हा मऊ फिरू लागला. शून्यही जुळवले. पण ज्या दोन तोंडांमध्ये वस्तू धरून मोजायची, त्यांवर गंजाने टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडले होते. एका ओळखीच्या टूलरूममध्ये स्लिप गेजवर तपासून आणला. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी चूक, कुठे दोन शतांश मिलिमीटर, कुठे तीन. ज्याच्यावर एक शतांश मोजायचा त्याची चूकच तीन शतांश. भावाने सुचवले, दोन-तीन शतांश कुणाला कळते, भातगिरणीच्या बुशला काय फरक पडतो? मामू म्हणाले, गिऱ्हाईक माझ्याकडे मापाचे पैसे देते. नापतोलात खोटेपणा त्यांना चालत नाही, मग तो शतांशाचा का असेना. त्यांनी मायक्रोमीटर पुसून, तेल लावून पुन्हा डबीत ठेवला आणि डबी घरी नेली. वर्कशॉपसाठी नवा आणायला मुलाने दुबईहून पैसे पाठवले. न मागता.

हिशेब मांडायचा तर डिझेल, तेल, मोटारीची दुरुस्ती, चाके, वेल्डिंग आणि नवा मायक्रोमीटर धरून जो खर्च झाला, तो तीच हत्यारे नव्याने घ्यायला लागला असता त्याच्या चौथा हिस्साही नव्हता. पाच माणसांचे पावणेदोन महिने यात धरलेले नाहीत, ते कसे धरणार? शेजारच्या गल्लीतल्या एकाने पहिल्याच दिवशी सगळे भंगारात दिले होते. तो आता एका शोरूममध्ये नोकरी करतो, आणि कधीमधी मामूंकडे येऊन लेथवर हात चालवतो.

मामूंच्या एका डोळ्याचे ऑपरेशन त्याच डिसेंबरात झाले, दुसऱ्याचे पुढच्या उन्हाळ्यात. आता रंग दिसतात. तरी पाणी द्यायचे असले की ते आमच्या मुलीची सुट्टी कधी आहे ते विचारतात. ती आयटीआयमध्ये फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड करून बाहेर पडली. खानदानात यावर थोडी कुजबुज झाली, मुलीने हातात कानस धरायची का, वगैरे. मामूंनी लग्नाच्या एका दावतीत चारचौघांत तिच्या हातची छिन्नी खिशातून काढून दाखवली. (लग्नाला छिन्नी घेऊन कोण जाते, असे मामी अजून म्हणतात.)

गाळ्याच्या भिंतीवर खडूने दोन रेघा आहेत. खालची २००५ची, वरची २०२१ची. फळ्या आता वरच्या रेघेच्याही वर लावल्या आहेत, शिडी लावून हत्यार काढावे लागते. मोटार काढून वर टांगायला छताला एक कप्पी बसवली आहे. लेथ काही वर जात नाही. म्हणून मे महिना संपता संपता मामू आणि मुलगी मिळून त्याच्या बेडला ग्रीसचा जाड थर देतात, त्यावर प्लॅस्टिक गुंडाळतात, आणि पोटमाळ्यावर डिझेलचे दोन डबे, चिंध्यांची एक गोणी आणि एक रिकामे पिंप ठेवून देतात.